वरून खाली एकही फोन नाही

ताई, सप्रेम नमस्कार.

आम्ही नाशिकला राहतो. जुनं कौलारू घर पाडून दोन वर्षांपूर्वी तीन मजली बंगला बांधला. खाली माझे सासरे नाना (वय ८३, गुडघ्यांमुळे जिना पूर्ण बंद) आणि स्वयंपाकघर, मधल्या मजल्यावर आम्ही दोघं, वर मुलगा आणि सून. नानांची झोपमोड नको म्हणून जिना बाहेरून घेतला. मुलाने बांधकामातच इंटरकॉमच्या वायरी टाकून घेतल्या. नानांची खोली, स्वयंपाकघर, आमची खोली, वरची खोली आणि फाटक असे पाच फोन आहेत.

पहिला महिना सगळ्यांनाच मजा वाटली. आता नाना दिवसाला पंचवीस-तीस फोन करतात, मी एक दिवस मोजले. "किती वाजले?" (घड्याळ समोरच्याच भिंतीवर आहे.) "आत्ता कोण येऊन गेलं?" "आभाळ भरलंय, कपडे काढले का?" दुपारी दोन ते पाच तर डोळ्याला डोळा लागू देत नाहीत. सुनेचं काम परदेशी कंपनीचं. रात्री दोन-दोनपर्यंत मीटिंगा, सकाळी ती उशिरा उठते. तिने एक दिवस वैतागून फोनची पिनच भिंतीतून काढून ठेवली. नाना आठवडाभर वर फोन लावत राहिले, मग त्यांनी कामाच्या मावशींना वर पाठवलं आणि मावशींनी खाली येऊन सगळ्यांसमोर सांगितलं, "पिन काढलीय." तेव्हापासून नाना तिच्याशी बोलत नाहीत. ती म्हणते, माझं काय चुकलं? मुलगा म्हणतो, हे जुनाट सगळं काढू आणि स्मार्ट स्पीकर लावू, त्यात समोरच्याने उचलायचीही गरज नसते. आमचे हे म्हणतात, एक साधी घंटी लावून द्या, विषय संपला. मी मधल्या मजल्यावर आहे आणि मधेच अडकले आहे. काय करू?

मधल्या मजल्यावरची

ता. क. फाटकावरच्या फोनमधून पावसाळ्यापासून नुसती खरखर येते. मुलाला बघायला वेळ नाही.

*

मधल्या मजल्यावरच्या ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. नानांनी केलेले फोन तुम्ही मोजलेत. नानांना किती आले? मी शोधून पाहिलं. तुमच्या खोलीतून नाही, वरून नाही, मुलाने कामावर निघताना केलेला नाही. पत्रभर एकही सापडला नाही. खालून वर तीस आणि वरून खाली शून्य, असा तुमच्या घरचा हिशेब दिसतो.

अशी घरं मी पुष्कळ पाहिली आहेत, खरं तर ऐकली आहेत. पुण्यात तापकीर गल्लीपासून चार पावलांवर आमचं छोटं दुकान होतं. इंटरकॉम आणि ईपीएबीएक्स (म्हणजे एका जागेतले फोन एकमेकांना जोडणारं यंत्र) बसवून देणे, दुरुस्ती, वार्षिक देखभाल. हे शिडीवर आणि मी फोनवर, अशी आमची वाटणी. अठ्ठावीस वर्षं तक्रारवही माझ्या हातात होती. तिच्यात रकाने तीनच: नाव, तक्रार, काय निघालं. 'टोन येत नाही' म्हणणाऱ्यांत निम्म्यांचा रिसीव्हर नीट ठेवलेला नसायचा. 'फार वाजतो' अशीही तक्रार यायची, आणि त्या घरी जाऊन आले की हे तिसऱ्या रकान्यात लिहायचे, 'यंत्र ठीक.'

आधी त्या पिनेचं बघू. नानांना जे लागलंय ते तिथेच लागलंय, आणि आपल्या हातून नेमकं काय झालं हे तुमच्या सुनेला अजून ठाऊक नसावं.

तुमच्या जिन्याखाली किंवा माळ्यावर एका जाड पुस्तकाएवढी इंटरकॉमची डबी असेल. तिच्यातून प्रत्येक फोनकडे तांब्याच्या दोन तारांची एक जोडी गेलेली असते. त्या जोडीच्या टोकाला फोन आहे की नुसती भिंत, हे अशा साध्या डबीला कळत नाही. नानांनी वरचा नंबर दाबला की ती आपली त्या जोडीवर घंटीचा करंट सोडते आणि इकडे नानांच्या कानात 'ट्रिंग ट्रिंग' ऐकवत बसते. वर पिन काढलेली, खोलीत गाढ शांतता. खाली नानांना ऐकू येतंय की घंटी वाजतेय, वाजतेय, आणि कुणी उचलत नाही. सुनेने नुसता रिसीव्हर बाजूला काढून ठेवला असता तर 'बिझी'चा टोन आला असता आणि नाना म्हणाले असते, बोलत असेल कुणाशी तरी. पिन काढल्यावर त्यांनी आठवडाभर रोज एकच गोष्ट ऐकली: नातसून घंटी ऐकतेय आणि उचलत नाहीये. मावशी वर गेल्या त्या इतकं सगळं साचल्यावर.

हे दोघांनाही सांगा. नानांना सांगा की वर घंटी वाजतच नव्हती. सुनेला सांगा की खाली ती वाजत होती. एवढ्याने नाना लगेच बोलायला लागतील असं नाही, पण भांडण निदान खऱ्या गोष्टीवर तरी होईल.

आता ते तीस फोन. पत्रात तुम्ही एक वाक्य सहज लिहून गेलात, नानांची झोपमोड नको म्हणून जिना बाहेरून घेतला. हेतू चांगलाच होता. पण जुन्या घरात नानांची खाट कुठे होती? मी पैजेवर सांगते, ओसरीवर नाही तर पुढच्या खोलीत, येणाऱ्याजाणाऱ्याच्या वाटेवर. तिथे पडल्यापडल्या त्यांना कोण आलं, कोण गेलं, चपला कुणाच्या, कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या, मागच्या दारी भांडी कोण आपटतंय, सगळं फुकटात कळत होतं. काही विचारावं लागत नव्हतं. आता वर सिमेंटचा स्लॅब आणि पावलं घराबाहेरून जातात. दुपारी दोनला तुम्ही ओटा पुसून वर जाता, मावशी घरी जातात, आणि तळमजल्यावर उरतात नाना आणि पंखा. फोन त्याच वेळी वाढतात, हे तुमचं तुम्हीच लिहिलंय.

तेव्हा 'आत्ता कोण येऊन गेलं' हा प्रश्न खोचक म्हणून घेऊ नका. पूर्वी हे त्यांना आपोआप कळायचं, आता कळायला फोन उचलावा लागतो, इतकंच झालंय. 'किती वाजले' याचंही तेच. घड्याळ समोर आहे हे त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं दिसतं, दिवसभर दुसरं दिसतंय काय?

एक गोष्ट मात्र इथेच सांगून टाकते. तोच प्रश्न दहा मिनिटांत तीनदा येत असेल आणि मघाशी विचारल्याची आठवणच नसेल, तर मी हे जे सगळं लिहितेय ते बाजूला ठेवा आणि त्यांना डॉक्टरांकडे न्या. कानही तपासून घ्या. ऐकू कमी येणारी माणसं 'हो हो' म्हणून फोन ठेवतात आणि पाच मिनिटांनी तेच विचारायला पुन्हा करतात. आमच्या वहीत अशी चार-पाच घरं होती.

तसं काही नसेल तर पहिला उपाय फाटकाचा. फाटकावरचा फोन सध्या कुठे वाजतो हे तुम्ही लिहिलेलं नाही. स्वयंपाकघरात वाजत असावा, म्हणजे दुपारी कुणी आलं की तो रिकाम्या ओट्यासमोर वाजतो. तो नानांच्या खोलीत वाजवा. बऱ्याच डब्यांमध्ये 'हॉटलाइन' नावाची सोय असते, म्हणजे फाटकावर कुणी रिसीव्हर उचलला की नंबर न दाबता घंटी थेट ठरलेल्या जागी जाते. नानांनी विचारायचं, "कोण?" कुरिअर असेल, गॅसवाला असेल, सुनेचं पार्सल असेल, शेजारच्या काकू असतील. मग त्यांनी ज्याचं काम त्याला फोन लावून सांगायचं. 'आत्ता कोण येऊन गेलं' हा प्रश्न त्या दिवसापासून तुम्ही त्यांना विचाराल. फक्त दार उघडायचं काम त्यांच्याकडे देऊ नका, आणि 'बँकेतून आलोय', 'मीटर बघायला आलोय', 'काकांनी बोलावलंय' असं कुणी म्हणालं तर "थांबा, मंडळी येतायत" एवढंच म्हणायचं हे चार दिवस घोकून घ्या. ८३ वर्षांचा माणूस एकटा खाली असतो हे फाटकापलीकडच्या कुणाला कळायचं कारण नाही.

दुसरा उपाय सुनेच्या फोनचा. तिला 'पिन परत लाव' असं आत्ता सांगू नका. लावली की पहिल्याच सकाळी सात वाजता "उठलीस का गं?" येईल आणि पिन पुन्हा निघेल. आधी डबीत तिच्या फोनवर शांततेची वेळ लावून घ्या. त्याला 'डू नॉट डिस्टर्ब' म्हणतात. फोनवरूनच ठराविक आकडे दाबून ते सुरू आणि बंद करता येतं. आकडे प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात, डबीबरोबर आलेल्या पुस्तकात मिळतील. पुस्तक हरवलं असणारच, तर ज्याने बसवलं त्याला फोन करा. काही डब्यांमध्ये न उचललेला फोन चार घंट्यांनंतर दुसऱ्या खोलीत वळवता येतो. तसं असेल तर रात्री तो तुमच्या खोलीत वळवा. आणि ही सोय चालू असताना कानात जो वेगळा टोन येतो तो नानांना एकदा प्रत्यक्ष ऐकवा: "नाना, हा असा वाजला की ती कामात किंवा झोपेत आहे." माणसाला नकाराचं एवढं वाईट वाटत नाही, उत्तरच न येण्याचं वाटतं.

आणि तिच्या वेळा नानांना तिनेच सांगायच्या, समोर बसून. ती रात्री दोनपर्यंत काम करते हे त्यांना नीट माहीत आहे का? की नातसून दहापर्यंत लोळते एवढंच खाली पोचलंय? तिला म्हणावं एकदा लॅपटॉप घेऊन खाली जाऊन बस आणि दाखव, हे साहेब तिकडे अमेरिकेत, त्यांची सकाळ होते तेव्हा आपली रात्र. नानांच्या पिढीला पाळी हा शब्द चांगला कळतो. नाशिकला सातपूर-अंबडच्या कारखान्यांत रात्रपाळी केलेली माणसं त्यांच्या ओळखीत पन्नास निघतील. 'मीटिंग आहे' म्हटलं तर मौज वाटते, 'रात्रपाळी आहे' म्हटलं की ते स्वतःच इतरांना गप्प करतील.

हे सगळं तुम्ही सांगू नका, हे मुद्दाम म्हणतेय. पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर बायका बसायच्या. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, हातात दोरीला लावलेली पिन. या भोकातून काढायची, त्या भोकात घालायची, की दोन माणसं बोलायची. १९८४ साली सी-डॉट ही सरकारी दूरसंचार संशोधन संस्था निघाली, तिची छोटी स्वयंचलित एक्स्चेंज खेडोपाडी बसली, आणि त्या बायकांचं काम हळूहळू संपलं. तुमच्या घरी पाच फोन असून ती नोकरी तुम्हाला लागलीय. नानांचा रुसवा वर, सुनेचा वैताग खाली, नवऱ्याची सूचना मुलाला, मुलाचं 'वेळ नाही' सगळ्यांना. पुढच्या वेळी कुणी "जरा त्यांना सांग ना" म्हटलं की रिसीव्हर त्यांच्या हातात द्या. पहिले दोन दिवस घरात जरा चमत्कारिक शांतता पसरेल. पसरू द्या.

आता तुमच्या मुलाचा स्मार्ट स्पीकर. त्याला या खेळण्यांची हौस असेल तर मी आड येत नाही, गाणी ऐका, भीमसेन लावा. पण 'उचलायचीही गरज नसते' हे तो गुण म्हणून सांगतोय, त्यावर मला त्याला एक जुनी गोष्ट सांगायची आहे.

१९९० च्या आसपास फोनसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. मिळाला की लोक एकाच लाइनवर दोन-तीन फोन जोडून घ्यायचे, त्याला 'पॅरलल' म्हणायचे. दिवाणखान्यात एक, आत एक, वर एक. एकाने उचलला की दुसऱ्यालाही सगळं ऐकू येतं. फक्त उचलताना 'टक्' असा बारीक आवाज होतो आणि बोलणाऱ्यांचा आवाज किंचित दबतो. कोथरूडच्या एका बंगल्यातली नवी सून माझ्याकडे तक्रार करायची, "लाइनमध्ये फॉल्ट आहे, मी माहेरी बोलायला लागले की टक् होतं." हे दोनदा जाऊन आले. वायर ठीक, जोड ठीक. तिसऱ्यांदा मी ह्यांनाच विचारलं, टक् झाल्यावर आवाज दबतो का हो? हे हसले आणि तिसऱ्या रकान्यात 'यंत्र ठीक' लिहून मोकळे झाले. पुढच्या महिन्यात त्याच सुनेने स्वतःच्या पैशाने अशी डबी घेतली की ज्यात एका फोनचं बोलणं दुसऱ्याला ऐकू जात नाही. आमच्या दुकानातून घरगुती इंटरकॉम सगळ्यात जास्त कशासाठी खपला म्हणाल, तर हाका मारायला नाही, ही टक् बंद करायला.

अ‍ॅलेक्साच्या स्पीकरांवर 'ड्रॉप इन' म्हणून सोय आहे. समोरच्याने काही न करता आवाज थेट त्या खोलीत जातो आणि तिथलं इकडे ऐकू येतं. ती कुणाला द्यायची, फक्त घरातल्यांना की कुणालाच नाही, हे ठरवता येतं. पण ठरवणारा तुमचा मुलगा, आणि खोली त्याच्या बायकोची आणि आजोबांची. सुनेची मीटिंग चालू असताना खोलीत "कपडे काढले का?" घुमलं तर ती या वेळी पिनेवर थांबणार नाही. आणि नानांचंही बघा. दुपारी ते एकटे काहीबाही पुटपुटत असतील, आजींशी बोलत असतील, ते वरच्या मजल्यावर कुणी का ऐकावं? रिसीव्हर उचलणं म्हणजे 'बोल, ऐकतेय' असं म्हणणं असतं. ते दोघांच्याही हातातून काढून घेऊ नका. शिवाय ते सगळं वायफायवर चालतं. तुमचा राउटर सुनेच्या खोलीत असणार, मधे दोन स्लॅब, आणि वीज गेली की सगळंच मुकं.

विजेवरून आठवलं. तुमची आत्ताची डबीसुद्धा विजेवरच चालते. ती इन्व्हर्टरच्या लाइनवर आहे का ते आजच बघा. बहुतेक घरांत नसते, कारण इलेक्ट्रिशियनच्या यादीत पंखे, दिवे, टीव्ही असतात, जिन्याखालच्या डबीची कुणाला आठवण नसते. आणि जिना अंधारात असतो नेमक्या त्याच वेळी नानांचा फोन बंद पडतो.

तुमच्या यजमानांची घंटी. 'विषय संपला' म्हणाले ना? घंटी लावली तर नानांना पाणी हवंय की गप्पा, हे कळायला प्रत्येक वेळी तुम्हाला तो बाहेरचा जिना उतरावा लागेल. यजमान उतरणार नाहीत, मी लिहून देते. पण घंटी एका कामाला हवीच, आणि ती आजवर नाही याचंच मला नवल वाटतं. नानांच्या न्हाणीघरात. बिनवायरची घंटी कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात काही शे रुपयांत मिळते. तिचं बटण कमोडच्या बाजूच्या भिंतीवर खाली लावा, जमिनीपासून वीतभर उंचीवर. उभं राहून दाबायच्या उंचीला लावलं तर ज्याला खरी गरज पडेल तो फरशीवर असेल आणि बटण वर. तिचा आवाज तुमच्या आणि मुलाच्या मजल्यावर दोन्हीकडे वाजला पाहिजे, दारं लावून आणि पंखा चालू ठेवून एकदा तपासा, कारण खोक्यावर लिहिलेलं अंतर मोकळ्या मैदानातलं असतं. सूर घरातल्या कुठल्याच फोनसारखा नको. आणि बटणातला सेल कधी संपला ते ते सांगत नाही. दर संकष्टीला चंद्रोदयाची वाट बघत बसता तेव्हा एकदा दाबून बघायचं ठरवून टाका.

आता मूळ मुद्दा, वरून खाली. सोमवार पेठेत एक डॉक्टर होते, खाली दवाखाना, वर बिऱ्हाड. त्यांच्याकडे आम्ही दोनच फोनांचा इंटरकॉम लावला होता आणि तो वीस वर्षांत एकदाही 'फार वाजतो' म्हणून वहीत आला नाही. कारण विचाराल तर बाई खाली जेवढ्या वेळा करायच्या तेवढ्याच वेळा डॉक्टर वर करायचे. "पेशंट किती राहिले?" "तीन. पिठलं का?" "पिठलं." ठेवला. बोलणं दहा सेकंदांचं असायचं, पण दोघांनाही फोन वाजला की छातीत धस्स व्हायचं नाही.

तुमच्याकडे असं काही करता येईल. साडेतीनला तुम्ही उठताच ना चहासाठी? जिना उतरण्याआधी फोन लावा: "नाना, येतेय. आलं घालू का गवती चहा?" मग दोन ते साडेतीन ते फोनची वाट बघतील आणि स्वतः कमी करतील. मुलगा कामावर निघताना फाटकावरचा रिसीव्हर उचलेल, "नाना, निघालो." बाहेरचा जिना उतरून तो तिथूनच जातो, त्याला अर्ध्या मिनिटाचा खर्च नाही. यजमान काय करतील ते त्यांचं त्यांना ठरवू द्या, ते तसे त्यांचे वडील आहेत.

सुनेवर 'रोज नानांना फोन कर' असं काही लादू नका. लादलेला फोन ऐकणाऱ्याला लगेच कळतो. तिला म्हणावं, जे तुला खरंच माहीत नसतं ते विचार. एकादशी आज की उद्या, स्मार्त कुठली आणि भागवत कुठली. द्राक्षं खरेदी करताना घडातलं काय बघायचं. घरपट्टीची जुनी पावती कुठल्या फायलीत आहे. भिंतीवरचं पंचांग आणि कपाटातल्या फायली, ही दोन खाती तुमच्या घरी नानांकडेच असणार. तिने पहिला प्रश्न विचारला की नाना पाऊण तास उत्तर देतील, तेव्हा तो फोन तिने मीटिंगच्या आधी करू नये.

एवढं करून तीसाचे पंधरा होतील, फार तर बारा. शून्य होणार नाहीत. एखाद्या दिवशी दुपारी चारपर्यंत एकही आला नाही तर आराम पडला म्हणून पडून राहू नका, खाली जाऊन बघा.

राहिली फाटकाची खरखर. पावसाळ्यापासून आहे म्हणजे जोडात पाणी गेलंय, याला फार डोकं लागत नाही. फाटकावरची पेटी उघडली की तारांच्या टोकांवर हिरवट चुरा दिसेल, तांबं कळकलेलं असतं. ती टोकं इंचभर कापून टाकायची, नवी तांबूस तार उघडी करायची आणि पुन्हा स्क्रूखाली घट्ट करायची. मधे कुठे जोड असेल तर काळी चिकटपट्टी गुंडाळू नका, तिच्यात पाणी आत जातं आणि बाहेर येत नाही. आत जेल भरलेले छोटे कनेक्टर मिळतात, ते पक्कडने दाबून बसवायचे. वायर पेटीत वरून शिरत असेल तर खालून घ्या, आणि शिरण्याआधी तिला एक झोळ द्या, म्हणजे पावसाचं पाणी वायरीवरून ओघळत येऊन झोळाच्या तळाशी टपकून जातं. एवढं करूनही खरखर राहिली तर वायर जमिनीखाली कुठेतरी खरचटलेली आहे, मग नवी जोडीच ओढावी लागेल. ती दिव्याच्या वायरीबरोबर एकाच पाइपातून नेऊ देऊ नका.

काम चालू असताना डबीचा प्लग काढून ठेवा. घंटीच्या वेळी त्या बारीक तारेत सत्तर व्होल्टच्या आसपास करंट येतो. सहसा माणूस मरत नाही, पण आमचे हे एकदा शिडीवर तार दाताने सोलत होते आणि मी दुकानातून नेमका तोच नंबर लावला. त्यानंतर दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत, नानांसारखेच.

दुरुस्तीवाला काम झाल्यावर फाटकावरून एक फोन लावून बघेलच. त्याला स्वयंपाकघराचा नंबर देऊ नका, नानांचा द्या.